कर्ता कोण?

काम लांबणीवर पडलें म्हणजे त्याचें कारण आळस किंवा लांचलुचपत असलें पाहिजे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पुष्कळ वेळां ती खरीहि असते. परंतु प्रत्येक मनुष्य आपापलें काम चोख करीत असतांहि एकंदर काम होत नाहीं, असा एक तिसरा प्रकार आहे, आणि तो पहिल्या दोहोंपेक्षां अधिक घातक, असें आम्हांस वाटतें. आपल्या वायुदलाच्या लढाऊ विमानांची खरेदी हें त्याचें ठळक उदाहरण होय.

हकीकत थोडक्यांत अशी. जुनीं विमानें निवृत्त होणार, त्यांच्या जागीं १२६ नवीं हवींत, म्हणून २००७ सालीं सरकारनें निविदा मागविल्या. सहा विमानें स्पर्धेंत उतरलीं. बंगळूरची हवा, जैसलमेरचें ऊन आणि लेहची थंडी अशा तिन्ही ठिकाणीं त्यांची परीक्षा झाली. २०१२ च्या जानेवारींत, अखेरच्या दोहोंत कमी किंमतीचें म्हणून फ्रान्सचें राफेल पसंत ठरलें. येथवर तक्रारीस फारशी जागा नाहीं.

खरी गोम पुढेंच होती. अठरा विमानें तयार यावयाचीं आणि उरलेलीं १०८ हिंदुस्थान एरोनॉटिक्स या आपल्या सरकारी कारखान्यानें येथें बांधावयाचीं, असा बेत होता. आतां या १०८ विमानांची हमी कोणीं द्यावयाची? जें दुसऱ्याच्या कारखान्यांत घडणार त्याची संपूर्ण जबाबदारी घेण्यास फ्रेंच कंपनी तयार होईना. मंत्रालय निविदेच्या अटींवर बोट ठेवी. एक विमान बांधण्यास किती मनुष्य-तास धरावयाचे, याविषयींहि कंपनीचा व कारखान्याचा हिशेब जुळेना. वायुदलास विमान हवें होतें, कारखान्यास काम व विद्या हवी होती, अर्थखात्यास पैशाचा मेळ हवा होता, आणि वाटाघाटी करणाऱ्यांस नियमाबाहेर पाऊल टाकतां येत नव्हतें. प्रत्येकाचें म्हणणें रास्त. आणि अशा रास्त म्हणण्यांतच तीन वर्षें सरलीं. शेवटीं २०१५ सालीं तो बेत सोडून ३६ तयार विमानें घेण्याचें ठरलें, २०१६ च्या सप्टेंबरांत करार झाला, आणि पहिलीं पांच विमानें २९ जुलै २०२० रोजीं अंबाल्यास उतरलीं. त्या निर्णयावरून झालेल्या राजकीय वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. आमचा प्रश्न साधा आहे : त्या तीन वर्षांत हा पेंच सोडविणें हें नेमकें कोणाचें काम होतें?

सर्वांचें, म्हणजे कोणाचेंच नाहीं! सरकारी टिपणांची भाषा पाहा : 'विचार करण्यांत यावा', 'प्रस्ताव पुढें पाठविण्यांत आला आहे'. आम्हीं जन्मभर मुलांना व्याकरण शिकविलें. अशा वाक्यांत कर्म सांपडतें, क्रिया सांपडते, कर्ता मात्र सांपडत नाहीं. मुंजीच्या घरीं दहा वडीलधारीं माणसें राबत असतात आणि ऐन मुहूर्तावर पळसाचा दंड मिळत नाहीं, कारण तो दुसऱ्यानें आणला असेल अशी दहाहि जणांची खात्री असते. त्यांतलाच हा प्रकार.

कोणी म्हणेल, इतके हात मध्यें घातले ते पैसा खाणाऱ्यांस आळा बसावा म्हणून. आक्षेप खरा आहे. १९८६ च्या बोफोर्स तोफांच्या करारावर पुढल्याच वर्षीं लांचेचे आरोप झाले, आणि सही करण्यापेक्षां न करणें अधिकाऱ्यांस सुरक्षित वाटूं लागलें. न घेतलेल्या निर्णयाची चौकशी सहसा होत नाहीं. पण त्याची किंमत अशी कीं, नव्या परदेशी तोफांचा पुढचा मोठा करार होण्यास २०१६ साल उजाडलें.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत आयुधागाराध्यक्षाचें प्रकरण स्वतंत्र लिहिलें आहे. काम किती, काळ किती, वेतन किती आणि फळ काय, हें ठरवून घेऊन त्यानें कारागिरांकडून शस्त्रें करवावीं, असा त्याचा आशय आहे. राफेलच्या वाटाघाटी अडल्या त्या नेमक्या अशाच गोष्टींवर! फरक इतकाच कीं, कौटिल्याच्या मनांत त्यासाठीं एक अध्यक्ष होता. फ्रान्सनेंहि १९६१ पासून शस्त्रांचा हा कारभार मुख्यतः एका संस्थेकडे सोंपविला आहे. आपल्याकडे २००१ सालीं संरक्षण खरेदीची परिषद स्थापन झाली, २०२० पासून तिन्ही दलांचा एक प्रमुख आला; हीं पावलें योग्य दिशेचीं आहेत. परंतु परिषद मंजुरी देते. मंजुरीपासून विमान धांवपट्टीवर उतरेपर्यंत एकानेंच जबाबदारी वाहावी, ही गोष्ट निराळी.

आमचा एक विद्यार्थी वायुदलांत मिग-२१ चालवीत असे. तें विमान नाशिकजवळ ओझरास बांधलेलें, आणि त्याच्याहून वयानें वडील होतें. तो हें हंसत सांगे. त्याची आई मात्र हंसत नसे. १९६३ सालीं आलेल्या त्या जातीच्या विमानांना २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगडास निरोप मिळाला, आणि मंजूर ४२ तुकड्यांपैकीं २९ उरल्या. उशीर कोणामुळें झाला असें उद्यां एखाद्या आईनें विचारलें, तर पुढें होऊन उत्तर देईल असा एक तरी अधिकारी असावा, एवढीच आमची अपेक्षा.