एका मजल्यावरची तीन वर्षं

घाटकोपर-मुलुंडकडच्या इमारतींत एकाच मजल्यावर तीन वर्षं सुखाने नांदतात. ३० मार्च २०२५ ला मराठी घरात गुढी उभी राहिली आणि शके १९४७ लागलं. त्याच सकाळी समोरच्या उत्तर भारतीय घरात विक्रम संवत २०८२ सुरू झालं. शेजारच्या गुजराती घरात मात्र संवत २०८१ चालूच होतं; ते पालटलं दिवाळीत, २२ ऑक्टोबरला. तोवर जवळजवळ सात महिने एकाच विक्रमाचे दोन आकडे एका भिंतीच्या अल्याड-पल्याड राहिले.

या तीन घरांचं नातं मला फार लोभस वाटतं. मराठी आणि उत्तर भारतीय, दोघांचंही वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला उजाडतं. मराठी आणि गुजराती महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. म्हणून त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरवडाभर लागतो. गुजराती आणि उत्तर भारतीय मोजणी विक्रमापासूनची, आपली मात्र त्यानंतर १३५ वर्षांनी सुरू झालेल्या शालिवाहन शकाची. कुठल्याही दोघांचं सगळं जुळत नाही, पण काहीतरी जुळतंच. आपल्या श्रावण वद्य अष्टमीला उत्तर भारतीय भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात, आणि कृष्ण दोन्ही घरांत त्याच रात्री जन्मतो.

वर्षाचं नावही वेगळं. शके १९४७ मध्ये आपल्या संकल्पात गुरुजी ‘विश्वावसुनाम संवत्सरे’ म्हणत. उत्तरेच्या पंचांगात हेच वर्ष सिद्धार्थी. साठ नावांचं चक्र दोघांचंही तेच. पण तिकडे ते गुरू ग्रहाच्या गतीशी जुळवताना मधूनच एखादं नाव गाळतात, आपण गाळत नाही.

आणि मग दिवाळीचा पाडवा येतो. मराठी घरात ओवाळणी, गुजराती घरात नवं वर्ष, जैन घरात नवं वीर निर्वाण संवत, २०२५ च्या दिवाळीत ते २५५२ होतं. कार्तिक कुणाचा आठवा महिना, कुणाचा पहिला. प्रतिपदा आकाशातून येते. तिला पहिली म्हणायचं की नाही, हे माणसांनी आपल्या स्मृतीतून, आपल्या कामधंद्यातून ठरवलेलं असतं. म्हणून त्यातलं कुठलंच चूक नसतं.

मुलांना आपला शक शिकवताना शेजाऱ्याचं संवतही शिकवावं. ‘साल मुबारक’ म्हणताना त्यांना ठाऊक असावं, की शेजाऱ्याचं नवं संवत आज लागलं आहे आणि ते आपल्या शकाइतकंच खरं आहे.