काळ्या मातीतलं गंधक

अचलपूरहून परतवाडा ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याकडे निघालं, की काळी वावरं लागतात. मृगाचा पहिला शिडकावा झाला, की वखरलेल्या तापल्या ढेकळांतून वास उठतो. जिओस्मिनचा तो वास. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू ते तयार करतात. वैशाखात माती भाजून निघते तेव्हाही त्यांचे बीजाणू तग धरून असतात. मला या चिवटपणापुढे हात जोडावेसे वाटतात.

याच कुळातल्या एका जिवाणूत २००७ साली शास्त्रज्ञांना नवल दिसलं. डीएनएच्या कण्यात साखर आणि फॉस्फेट एकाआड एक गुंफलेले असतात. इथे काही फॉस्फेटांवर ऑक्सिजनच्या एका अणूची जागा गंधकानं घेतली होती. संत्र्याच्या बागेवर कोळ्यांसाठी फवारतात, तेच गंधक!

माणसानं हा बदल त्याआधीच प्रयोगशाळेत साधला होता. १९७८ साली अमेरिकेत पॉल झामेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी कोंबडीच्या पेशींतल्या राउस सार्कोमा विषाणूच्या आरएनएला जुळणारा १३ अक्षरांचा, गंधक नसलेला डीएनएचा तुकडा वापरून त्याची वाढ रोखली. पण साध्या डीएनएचा शरीरातली विकरं लगेच फडशा पाडतात. कण्यात गंधक बसवलं, की तो टिकतो. असंच २१ अक्षरांचं फोमिव्हिर्सेन १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. एड्सच्या रुग्णांची दृष्टी हिरावणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूवरचं हे औषध सुईनं थेट डोळ्यात देत. विषाणूच्या आरएनएला ते बिलगायचं आणि त्याला हवं ते प्रथिन बनूच द्यायचं नाही.

जिवाणू मात्र गंधक वेगळ्याच कामाला लावतात. त्यांच्या काही जातींत गंधक ही घरच्या डीएनएची खूण असते. ती नसलेला परका डीएनए आत शिरला, की कापला जातो. चालून आलेल्या विषाणूचासुद्धा.

प्रयोगशाळेत गंधक सहसा प्रत्येक सांध्यावर दोनपैकी कुठल्याही बाजूला बसतं. २१ अक्षरांत २० सांधे, म्हणजे एकाच औषधाची दहा लाखांहून अधिक रूपं! जिवाणूची विकरं मात्र, डावा बैल डावीकडेच जुंपावा तसं, ते दर वेळी एकाच बाजूला बसवतात. इतक्या बारीक जिवाची ही अचूकता वाचली, तेव्हा मी किती तरी वेळ पुढचं पानच उलटलं नाही.

अमरावतीच्या विद्यापीठातल्या एखाद्या मुलीनं मृगाआधी इथलं ढेकूळ न्यावं आणि त्यातल्या जिवाणूंच्या डीएनएत गंधक आहे का, ते तपासावं, अशी माझी फार इच्छा आहे.