ऐंशीच्या घरातला आकडा

कॅनॉट प्लेसपासून निघणारा कस्तुरबा गांधी मार्ग म्हणजे पूर्वीचा कर्झन रोड. नवं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. या भागातल्या पंजाबी खाणावळींत पाण्याच्या ग्लासाबरोबर शिरक्यात मुरवलेला लालसर कांदाही समोर येतो. दिल्लीत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका मराठी प्राध्यापिकेचा आवडता तास या दोन द्रवांवर उभा आहे: पाणी, आणि शिरक्याला आंबटपणा देणारं ॲसेटिक आम्ल.

तास भागाकाराने सुरू होतो. फळ्यावर दोन रकाने असतात. एकात एक मोल द्रवाची वाफ करायला लागणारी उष्णता, दुसऱ्यात केल्विनमधला उत्कलनबिंदू. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की बाष्पीभवनाची एन्ट्रॉपी मिळते. वाफ होताना रेणूंची मोकळीक किती वाढली, याचं ते माप. बेंझिनचे ३०,७०० ज्यूल भागिले ३५३, उत्तर ८७. कार्बन टेट्राक्लोराइड ८५, हेक्झेन ८४. द्रव वेगवेगळे, उत्तरं मात्र ऐंशीच्या घरात. हा नियम डब्लिनच्या फ्रेडरिक ट्राउटनने १८८४ मध्ये मांडला.

असं का होतं, हे ती मुलांकडूनच काढून घेते. आकर्षण जास्त असेल तर उष्णता जास्त लागते, पण मग द्रव उकळतोही उशिरा. वरची आणि खालची संख्या जोडीने वाढते, भागाकार फारसा हलत नाही.

मग पाण्याची पाळी येते. उत्तर १०९. इथेनॉलचं ११०. ‘हायड्रोजन बंध!’ वर्ग एका सुरात सांगतो.

ॲसेटिक आम्लातही हायड्रोजन बंध आहेत, आणि त्याचं उत्तर ६१. वर्ग गप्प होतो.

या शांततेची तिला घाई नसते. ती फळ्यावर ॲसेटिक आम्लाचे दोन रेणू समोरासमोर काढते आणि दोन तुटक रेघांनी जोडून कडं पूर्ण करते. पाण्याचे बंध द्रवात रेणूंना शिस्तीत धरतात आणि वाफेत जवळपास सगळे सुटतात, म्हणून उडी मोठी. आम्लाचे कितीतरी रेणू मात्र वाफेतही जोडीनेच हिंडतात. सुटे कण कमी, म्हणून मोकळीकही कमी. पुरावा वजनात सापडतो: उत्कलनबिंदूजवळ वाफेच्या घनतेवरून रेणुभार काढला, तर तो सुट्या रेणूच्या ६० पेक्षा बराच जास्त भरतो.

म्हणून ‘बंध किती बळकट?’ एवढ्यावर ती थांबू देत नाही. ते द्रवात काय करत होते आणि वाफेत त्यांचं काय झालं, ही दोन्ही उत्तरं तिला हवी असतात.

घरच्या अभ्यासाला ती फॉर्मिक आम्ल देते, काही मुंग्यांच्या विषात असतं ते. पाणी १०० अंशांना उकळतं, हे सुमारे १०१ अंशांना. भागाकार करण्याआधी मुलांनी उत्तर ८५ च्या वर जाईल की खाली, हे कारणासह लिहायचं असतं.