गीत कोणाचे, गळा कोणाचा?

वकिलाच्या दारी लोक न्याय मागावयास येतात, असा एक सार्वत्रिक समज आहे. माझा अनुभव थोडा निराळा आहे. आपला पक्ष खरा आहे हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे, एवढ्यासाठीच बहुतेक जण येतात. आणि त्या ऐकण्याचे पैसेही आनंदाने देतात. आषाढातल्या एका रविवारी आमच्या देवळाच्या अग्रशाळेत जो दावा माझ्यापुढे आला, त्यात फीची गोष्ट नव्हती, पण पक्षकारांचा आवेश मात्र एखाद्या वहिवाटीच्या तंट्याला शोभावा असा होता.

श्रावणातल्या सप्ताहाची तालीम आटोपली होती. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून मुले अडकून पडली होती. अभंग संपल्यावर तरुण मंडळी काय बोलतात याची महाजनांना कल्पना नसते, हे एका परीने बरेच आहे. वादाचा विषय होता : जेम्स बाँड नावाच्या इंग्रज हेराचा पुढला चित्रपट येईल, तेव्हा त्याचे शीर्षकगीत कोणत्या रॉक वाद्यवृंदाने गावे? माझा भाचा 'म्यूज'च्या बाजूने उभा होता. तबला वाजविणारा मुलगा 'आर्क्टिक मंकीज'चा वकील. "मामा, तुम्हीच निकाल द्या," असे म्हणून भाच्याने मला खांबाशी बसविले. माझा धाकटा भाऊ कोपऱ्यात पेटीचा अडकलेला सूर दुरुस्त करीत होता. तो काही बोलला नाही.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मी ऐकून घेतले, आणि खरे सांगतो, न्यायालयात रोज कानी पडणाऱ्या कित्येक भाषणांपेक्षा ते सरस होते. भाच्याचे म्हणणे असे की, बाँडचे गीत म्हणजे पितळी वाद्यांचा गडगडाट, धोका आणि थोडा दिमाख. आणि 'म्यूज'ने 2012 साली 'सुप्रीमसी' हे जे गाणे केले ते चित्रपटावाचूनचे बाँडगीतच आहे. प्रतिपक्षाने ताबडतोब उलटविले : ज्याला मुंडावळ्या बांधण्याची इतकी घाई, त्याला मुलगी देऊ नये! 'आर्क्टिक मंकीज'चा 2022 सालचा 'द कार' हा संग्रह पाहा. तंतुवाद्यांचा साज, संथ चाल, आणि रात्री एकटाच जागा असलेल्या माणसाचा स्वर. बाँड हा मुळात एकटा माणूस आहे, हे त्या पोराचे वाक्य मला आवडले. तिसऱ्या एका मुलाने दोघांनाही पेचात टाकले. ऑस्कर मिळालेली बाँडगीते तीन : 'स्कायफॉल', 'रायटिंग्ज ऑन द वॉल' आणि 'नो टाइम टू डाय'. तिन्ही एकट्या गळ्याची. अॅडेल, सॅम स्मिथ, बिली आयलिश. तेव्हा वाद्यवृंदाचा हक्कच कुठे पोहोचतो?

हक्काचा प्रश्न निघाला की वकिलाला पूर्वनिकाल आठवतात. माझ्या तरुणपणी हेच वेड आमच्याही घरात होते, म्हणून मला ते पाठ होते. 1964 साली शर्ली बॅसीने 'गोल्डफिंगर' गाऊन या गीतांचा घाट ठरविला. ती पुढे 1971 आणि 1979 साली आणखी दोनदा गायली, आणि मालेत तीनदा गाण्याचा मान तिच्याखेरीज दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही. रॉकला दार उघडले ते 1973 साली, पॉल मॅकार्टनी आणि 'विंग्ज' यांनी 'लिव्ह अँड लेट डाय' केले तेव्हा. त्या गाण्याचा संयोजक जॉर्ज मार्टिन याने पुढे सांगितले आहे की, तयार ध्वनिमुद्रण ऐकून निर्मात्याने गाणे चांगले असल्याचे मान्य केले आणि वर विचारले, की आता हे गाणार कोण? मॅकार्टनीने स्वतः गायलेले गाणे म्हणजे नुसता कच्चा खर्डा, अशी त्या भल्या गृहस्थाची समजूत! मागाहून 1985 साली 'ड्युरान ड्युरान'च्या गाण्याने अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला. तेथे त्या शिखरावर पोहोचलेले बाँडगीत ते एकच. उलट पराभूतांची यादीही मोठी सन्मान्य आहे. अॅलिस कूपरने 'द मॅन विथ द गोल्डन गन' रचले, पण 1974 च्या त्या चित्रपटात लुलूचे गाणे वाजले. 'ब्लाँडी'चे 'फॉर युअर आइज ओन्ली' 1981 साली बाजूला राहिले आणि त्याच नावाचे दुसरे गाणे शीना ईस्टनच्या वाट्याला आले.

परंतु या साऱ्या गीतांच्या मुळाशी जी धून आहे, तिच्यावरचा खटला मला अधिक प्रिय आहे. 1962 च्या 'डॉ. नो'पासून ती वाजते आहे. कागदोपत्री ती माँटी नॉर्मनची. तिला वाद्यमेळाचा साज चढविला जॉन बॅरीने. ज्या गिटारीवर ती प्रथम उमटली ती वाजविली व्हिक फ्लिकने. 1997 साली लंडनच्या 'संडे टाइम्स'ने छापले की धून खरी बॅरीचीच. नॉर्मनने बदनामीचा दावा लावला. मार्च 2001 मध्ये तो ज्यूरीपुढे चालला. बॅरीनेही साक्ष दिली. मी तेव्हा कायद्याचा विद्यार्थी होतो आणि वर्तमानपत्रातली ती हकीकत कापून मी टिपणवहीत चिकटविली होती. नॉर्मनचा पुरावा काय होता? व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवर त्याने एक संगीतिका योजिली होती. कादंबरी त्रिनिदादमधल्या हिंदू कुटुंबाची. तिच्यासाठी केलेल्या 'बॅड साइन, गुड साइन' या गाण्यात गाणारा आपल्या जन्मवेळच्या अपशकुनाचे रडगाणे गातो, आणि त्याची चाल हिंदुस्थानी वळणाची. संगीतिका रंगभूमीवर आलीच नाही. तीच चाल तोडून, तिचे सूर सुटे करून हेराला दिली गेली. ज्यूरीने नॉर्मनच्या बाजूने कौल दिला आणि त्याला 30,000 पौंड भरपाई मिळाली.

म्हणजे समुद्रापार गेलेल्या एका हिंदू घरातला अपशकुन पिस्तूल घेऊन जगभर हिंडतो आहे! त्या वयात मला या गोष्टीची गंमत वाटली, आणि कायद्याचा अभिमानही. आज वाटते, बॅरीची बाजूही पोकळ नव्हती. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आमच्या गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी दुसऱ्यांच्या चालींना साज चढविला. तबकडीवर नावे संगीतकारांची. बीज एकाचे आणि झाड दुसऱ्याचे, तर सावली कोणाची? ज्यूरीला एवढेच विचारले होते, की वर्तमानपत्राने खोटे लिहिले काय.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारे लिहीत आहे, ती सांगतो. 2001 साली वडिलांना जाऊन वर्ष झाले होते. भाऊ अठरा वर्षांचा. त्याची आणि मित्रांची चौघांची एक मंडळी होती, आणि तो गिटार वाजवी. रात्री आम्ही दोघे हाच वाद घालीत असू. मी 'ड्युरान ड्युरान'चा, कारण त्यांच्याजवळ क्रमांकाचा लेखी पुरावा होता. तो 'रेडिओहेड'चा. "दादा, दुःख वाजवता येणारी माणसे तीच," असे तो म्हणे. एक दिवस मुंबईला जाऊन एखाद्या ध्वनिमुद्रणगृहात उमेदवारी करण्याची परवानगी त्याने माझ्याजवळ मागितली. मी घरातला कर्ता. त्याला समोर बसवून मी खर्चाचा हिशेब मांडला, आईची प्रकृती सांगितली, आणि निकाल दिला. त्यात चूक काढता येणार नाही, असा तो निकाल होता. फक्त एक उणीव राहिली : दुसऱ्या पक्षाला बोलू दिले नव्हते. पुढे तो पतपेढीत लागला, आजही तेथेच आहे. गिटार माळ्यावर गेली. त्याने कधी तक्रार केली नाही, आणि अपील न होणाऱ्या निकालांचे ओझे किती असते हे मला हळूहळू कळू लागले.

2015 च्या नाताळची रात्र. शेजारी चर्चमध्ये घंटा वाजत होत्या. भाऊ वर माझ्या खोलीत आला. त्याच्या हातात फोन होता. 'रेडिओहेड'ने 'स्पेक्टर' या बाँडपटासाठी त्याच नावाचे गाणे केले होते. चित्रपटात ते घेतले गेले नाही, तेथे सॅम स्मिथ गायला; म्हणून त्यांनी ते त्या दिवशी लोकांना तसेच वाटून टाकले होते. "दादा, हें आयक," एवढेच तो म्हणाला. आम्ही अंधारात ते ऐकले. भिजलेल्या वाटेवरून कोणी परत फिरावे तसा तो स्वर. संपल्यावर मी म्हणालो, "तुझे बरोबर होते." त्याने विचारले, "गाण्याविषयी?" मला उत्तर देता आले नाही, आणि त्यानेही ते मागितले नाही. तो दिवा न लावताच खाली गेला.

तर अग्रशाळेत मुले माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हणालो, या दाव्यात एक आवश्यक साक्षीदार अजून तपासला गेलेला नाही. आणि भावाकडे बोट दाखविले. त्याने मान वर केली नाही. पेटीचा भाता ओढून त्याने षड्ज धरला, आणि त्यावर पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, पुन्हा कोमल धैवत अशी ती चढउताराची पाळत सुरू केली. लागोपाठ दोन्ही धैवत ऐकून आमच्या आजोबांनी कानांवर हात ठेवले असते; ललतातले दोन मध्यमसुद्धा ते नाइलाजाने सोसत. पण मुलांचे डोळे विस्फारले. तबल्याने दोन आवर्तने दबकत साथ केली आणि मग तो मोकळा सुटला. भाच्याने टाळ उचलले. मामाला हे येते, हे त्या घरच्या मुलाला आजच कळत होते.

गाभाऱ्याची कवाडे लावून पुजारी चौकातून आले. ओल्या पायांनी उंबऱ्याशी उभे राहून त्यांनी थोडा वेळ ऐकले, मान डोलावली, आणि मला विचारले, "वकीलसाहेब, पद नवे दिसते. कोणाचे हो?"

"नॉर्मनचे," मी म्हणालो. "तसा निकाल आहे."

भाऊ हसला, आणि वाजवीत राहिला.