कडक गेअर

धरणगावात स्पोर्ट्स कार रोज दिसत नाही. माझ्या गॅरेजसमोर उभे असतात ते कापूस वाहणारे टेम्पो, बोलेरो, ट्रॅक्टरची मुंडकी. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुण्या-मुंबईची, सुरतेची पोरं घरी येतात आणि त्यांच्याबरोबर कधीमधी एखादी बुटकी, दोन माणसांची गाडीही येते. एरंडोलकडून येणाऱ्या रस्त्यावरचे गतिरोधक तिने कसे ओलांडले असतील, हा विचार माझ्या मनात पहिला येतो. मग मालक काच खाली करतो आणि तक्रार सांगतो ती मात्र टेम्पोवाल्याचीच असते : “गेर पडत नही, भो.”

अशा वेळी मी आधी बॉनेट उघडत नाही. इंजीन बंद ठेवून ड्रायव्हरच्या जागेवर बसतो, क्लच दाबतो आणि सगळे गेअर एकेक करून टाकून पाहतो. बंद गाडीत गेअर सरळ पडत असतील आणि इंजीन सुरू केल्यावर पहिला आणि रिव्हर्स अडत असतील, तर गेअर बॉक्सकडे बघायचं कारणच उरत नाही. दोष क्लचचा. पायाने पेडल पूर्ण दाबलं, तरी क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून पुरती सुटलेली नाही, आतला शाफ्ट अजून इंजिनाबरोबर फिरतोय. खात्री करायला रिव्हर्स आहेच. पुष्कळ गाड्यांत त्याला सिंक्रो, म्हणजे वेग जुळवणारी रिंग, नसतो, त्यामुळे तो काही लपवत नाही. क्लच दाबून थोडं थांबायचं, मग रिव्हर्स टाकायचा. तरीही करकरला, तर क्लच ओढतोय.

आणि बंद गाडीतही गेअर अडत असेल, तर दोष लिव्हरपासून आतल्या फोर्कपर्यंत कुठेतरी. मी तो बाहेरून आत शोधत जातो. लिव्हरखालचा रबरी बूट फाटलाय का, बुश झिजलेत का, इंजीन पाठीमागे असलेल्या गाडीत मागे जाणारी लांब केबल कोरडी पडलीय का. आमच्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. फाटक्या बुटातून ती आत शिरते, ग्रीसमध्ये मिसळते आणि त्याचा घट्ट लगदा होतो. तो साफ करून नवं ग्रीस भरलं की अर्ध्या गाड्या तिथेच मोकळ्या होतात. गेअर बॉक्स उतरवणं हा शेवटचा उपाय. पुष्कळ ठिकाणी तो पहिला करतात आणि ते मला मनापासून खटकतं.

गेल्या आखाजीला आलेल्या मुलालाही एका शहरातल्या गॅरेजने गेअर बॉक्स खोलावा लागेल असं सांगितलं होतं. त्याची गाडी सकाळी नीट चालायची आणि दुपारी अडायची. आमच्याकडे त्या दिवसांत पारा चाळिशीच्या बराच वर असतो, कधी पंचेचाळीसही गाठतो. बंद गाडीत तिचे सगळे गेअर लोण्यातून सुरी जावी तसे पडले. मग क्लचच्या डबीचं झाकण काढलं. आतलं फ्लुइड चहाच्या रंगाचं झालेलं. हे फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं. जुनं झालं आणि इंजिनाच्या उष्णतेने तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा जोर त्या वाफेतच जिरतो आणि क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर अर्धाच सरकतो. भरीला त्याने पायाखाली जाड गालिचासारखी मॅट घातली होती, त्यामुळे पेडल तळाला टेकतच नव्हतं. मॅट काढली, जुनं फ्लुइड काढून नवं भरलं, हवा काढली. काम एवढंच.

थंडीतला कडकपणा निराळा, आणि मला त्याच्याविषयी जास्त जिव्हाळा आहे. पौषात आमच्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. तेव्हा पहिला मैलभर दुसरा गेअर अडून बसतो, पुढे आपोआप मोकळा होतो. इथे समजून घ्यायची ती सिंक्रोची पितळी रिंग. ती गेअरच्या पोलादी शंकूवर घासते आणि दोघांचा वेग एक करते. तो एक होईपर्यंत रिंगचे दात स्लीव्हला पुढे जाऊ देत नाहीत. रिंगच्या आतल्या बाजूला बारीक खाचा असतात, मधल्या ऑईलचा थर कापायला. ऑईल गार आणि घट्ट असलं की थर लवकर कापला जात नाही, घासणीला पकड मिळत नाही, आणि लिव्हर हाताला थांबवून धरतो. अशा वेळी जोर लावणारा माणूस रिंग आणि फोर्क दोन्ही झिजवतो. लिव्हरवर हलका, सलग दाब ठेवायचा आणि रिंगला तिचं काम करू द्यायचं.

ऑईलच्या बाबतीत मी हट्टी आहे. आमच्या भागात वर्षानुवर्षं सगळ्या गाड्यांना नव्वद नंबर. ट्रकच्या डिफरन्शियलला ते ठीक. पण डब्यावर जीएल-५ लिहिलेलं ऑईल पितळी रिंग असलेल्या बॉक्समध्ये डोळे मिटून ओतू नये. त्यातली जादा दाबासाठीची गंधक-फॉस्फरसची द्रव्यं काही ऑईलमध्ये पितळ खातात. शिवाय ते इतकं निसरडं असतं की रिंगची पकडच बसत नाही. सगळं जीएल-५ तसं नसतं, म्हणून कंपनीचं पुस्तक उघडायचं. कुणी जीएल-४ मागतं, कुणी ७५डब्ल्यू-९०, कुणी ऑटोमॅटिक बॉक्समध्ये घालतात तसलं पातळ. पुस्तक सांगेल तेच घालायचं.

माझा हात जीपवर तयार झाला. सीजे-३बी जीपच्या तीन गेअरच्या बॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रो नसे. चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून गेअर. हा डबल क्लच. रिंग जे काम करते तेच इथे माणूस पायाने आणि कानाने करतो. त्या जीपचा लिव्हर थेट बॉक्सच्या डोक्यातून वर यायचा, आतला प्रत्येक दात तळव्याला कळायचा. पुढे १९८९ साली आलेल्या माझदाच्या एमएक्स-५ चा लिव्हरही असाच बॉक्समधून सरळ वर येतो, आणि तिच्या गेअरची जगभर तारीफ होते, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

गाडी दुरुस्त झाल्यावर त्या मुलाबरोबर मी चाळीसगावला गेलो आणि पुढे कन्नडचा घाट चढलो. त्या घाटाला औट्रम घाटही म्हणतात. ज्याच्या नावाचा हा घाट, तो इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम आमच्या धरणगावात राहिलेला. १८२५ साली त्याने उभ्या केलेल्या खानदेश भिल्ल पलटणीचं ठाणं इथेच होतं. वळणावर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचं ही गेअर बॉक्सची खरी परीक्षा. दुसऱ्या गेअरची रिंग बहुतेक गाड्यांत सगळ्यांत आधी जाते, कारण चढावर आणि वळणावर हाक तिलाच असते. भर दुपारी, पुढच्या गाड्यांच्या मागे रांगत, गाडी दर वळणाला दुसऱ्यात गेली. कुठेही अडली नाही.

उतरताना त्याने विचारलं, “काका, आता आखूड लिव्हर बसवून देता का? शॉर्ट शिफ्टर?” मी नाही म्हणालो. लिव्हरची हालचाल एक तृतीयांशाने कमी केली की जोर दीडपट लागतो, आणि तो सगळा जोर त्याच पितळी रिंगवर आणि फोर्कवर येतो. कंपनीने आखूड लिव्हर दिला असेल तर तिने बाकीचं सगळं त्याच्या हिशेबाने केलेलं असतं. वरून बसवलेल्या लिव्हरमागे तो हिशेब नसतो. त्याला हवाच असेल तर त्याने तो दुसरीकडे बसवून घ्यावा, माझ्या गॅरेजमध्ये तो बसणार नाही.