पायाखालचे सागवान

लाकडाच्या बाबतीत आम्ही भंडाऱ्याची माणसे तशी गर्विष्ठच. कोक्याच्या आणि नागझिऱ्याच्या रानांत सागवान उभे. घरात आजोबांच्या वेळचा दिवाण, आईचे कपाट, देवघराची चौकट सारे अस्सल सागवानी. अशा मुलखात राहून मी एके रात्री मोबाइलच्या काचेवर बोट फिरवीत सागवानाचे छायाचित्र विकत घेत बसलो होतो, हे सांगताना मला अजूनही थोडी लाज वाटते.

छायाचित्र म्हणजे अगदी छायाचित्रच! लॅमिनेटची फळी मुळात लाकडाच्या भुकटीची. ती दाबून दाबून घट्ट करायची, वर लाकडाच्या रेषांचा छापील कागद बसवायचा आणि त्यावर झिजू नये म्हणून पारदर्शक कठीण थर चढवायचा. ही युक्ती १९७७ साली स्वीडनमधल्या पेर्स्टॉर्प कंपनीने काढली म्हणे. ही माहिती आमच्या कन्येची. ती नागपूरला शिकते आणि सुट्टीत आम्हाला शिकवते.

आता या फंदात मी पडलो कसा? त्याचे असे झाले. २०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला. वर मध्य प्रदेशात संजय सरोवराचे दरवाजे उघडले आणि आमच्या घरात मांडीइतके पाणी शिरले. चिखल उपसल्यावर पाहतो तो जुनी सिमेंटची जमीन जागोजागी खचलेली. मग घरभर पांढऱ्याशुभ्र, चकचकीत टाइल बसवल्या. "कशी आरशासारखी दिसते!" असे ही म्हणाली. आई म्हणाली, "आरशावर कोनी चालते काय?" आम्ही सगळे हसलो.

गेल्या श्रावणात आई रात्री पाणी प्यायला उठली आणि ओल्या टाइलवरून घसरली. मनगट मोडले. दीड महिन्याने प्लॅस्टर निघाले; भीती मात्र निघाली नाही. आधी ती भिंत धरून चालू लागली. मग रात्री उठायचेच नाही असे तिने ठरवले आणि त्यासाठी दिवस मावळला की पाणी पिणे बंद केले. हे आमच्या लक्षात यायला, खोटे कशाला सांगू, पंधरा दिवस लागले. त्या रात्री मी मोबाइल हातात घेतला.

ऑनलाइन दुकानात एक सोय असते. दुकानदार समोर नसल्यामुळे आपले अज्ञान उघडे पडत नाही. 'एसी ३', 'एसी ४' असे शिक्के वाचून मला वाटले, ही फरशी उन्हाळ्यात खोली गार ठेवते की काय! भंडाऱ्याच्या उन्हात एवढे मिळाले तर आणखी काय हवे? पण ती निघाली झीज सोसण्याची प्रतवारी. घराला ३ पुरते, वर्दळ फार असली तर ४. पुढे रंगांची नावे. ओक झाला, वॉलनट झाला, कॅनडाचा मेपल झाला. आणि त्या गर्दीत आमचा सागही एक इंग्रजी टोपी घालून उभा होता. तोच मी निवडला. आईची खोली १२ बाय १०, म्हणजे १२० चौरस फूट. कापाकापीत वाया जाणारे दहा टक्के धरून १३२. एका खोक्यात २० चौरस फूट, तेव्हा खोकी सात. हिशेब चोख झाला म्हणून मी खूश होतो. तेवढ्यात कन्येने विचारले, "बाबा, आजीला विचारलं?"

विचारले नव्हते. खोली आईची, पाय आईचे आणि पसंती माझ्या डोळ्यांची! मग आम्ही आधी चार नमुने मागवले.

आईने ते चार तुकडे उन्हात नेऊन पाहिले. नाकाला लावून म्हणाली, "लाकूड म्हनते, अन् वास काऊन नाही येत?" मग एकेकावर पितळेचा गडवा आपटला. भंडाऱ्याच्या पितळेचा तो घाव चारही तुकड्यांनी सोसला, हे नमूद केले पाहिजे. रात्री तिने चारही तुकडे बादलीत टाकले. सकाळी सगळ्यांच्या कडा कमीजास्त फुगलेल्या! माझे तोंड उतरले. नदीकाठच्या घरात ही फरशी घालणे म्हणजे शुद्ध वेडेपणा, असे हिचे मत पडले, आणि ते चुकीचेही नव्हते.

आई मात्र तुकडे पुसून जमिनीवर मांडून त्यांवर अनवाणी उभी राहिली. माझा सागवान तिने पायानेच बाजूला सारला. "हा गुळगुळीत आहे." शेवटी थांबली ती एका राखी, खरबरीत, दिसायला अगदी दरिद्री तुकड्यावर. "हा सारवल्यासारखा लागते," ती म्हणाली. आणि मग तिने असा प्रश्न विचारला, की जो माझ्या हिशेबात कुठेच नव्हता: "हे चिटकवतेत काय खाली?"

चिकटवत नाहीत. फळ्या एकमेकींत खटका देऊन अडकवतात. खाली नुसता फोम असतो.

"मंग झालं तं. पूर येते म्हनून सांगतेत ना? काढून दिवानावर ठेवू."

सात खोकी मागवली, आली सहा. त्यातल्या एकाचे कोपरे चेपलेले. दुकानाचे नाव सांगत नाही. त्यांनी बाराव्या दिवशी का होईना, उरलेला माल पोचवला. 'घरपोच' म्हणजे फाटकापर्यंत, हा अर्थ मात्र मला तेव्हाच कळला. एकेक खोके बारा-तेरा किलोचे, आणि माझी पाठ पन्नाशीपलीकडची! ती खोकी खोलीत ४८ तास आडवी ठेवायची, म्हणजे तिथली हवा त्यांना मानवते. जावयासारखी ती दोन दिवस पडून राहिली. मिस्त्री फळ्या भिंतीला घट्ट भिडवायला निघाला, तेव्हा कन्या आडवी आली. पावसाळ्यात त्या फुगतात, म्हणून चहूकडे आठ-दहा मिलिमीटर फट सोडावी लागते आणि ती वरून पट्टीने झाकायची. पट्टी ठोकली, तिच्या बऱ्याच वर पुराच्या पाण्याची रेघ आहे. ती आई रंगवू देत नाही.

माठ कोपऱ्यात हवाच, हा तिचा हट्ट. पाणी सांडून चालायचे नाही, म्हणून खाली मोठी परात ठेवली.

या फळ्यांवर चालले की पोकळ, टक् टक् आवाज येतो. हा लॅमिनेटचा दोषच; फोम अधिक चांगला घेतला असता तर कमी झाला असता, असे कन्या म्हणते. परवा रात्री दोनच्या सुमारास तो आवाज आला. मी पडल्या पडल्या मोजले. दिवाणापासून माठापर्यंत नऊ पावले. मग गडवा वाजला. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा नऊ.

मी कूस बदलली.