मोटारीचे ब्रेक केव्हां बदलावे?

मोटार विकत घेतांना लोक तिचा रंग पाहतात, बैठकी दाबून पाहतात, एका लिटरांत ती किती धांवते हें चार ठिकाणीं विचारून घेतात. ती थांबते कशी हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या कबनूरसारख्या गांवीं याचें विशेष नवल वाटतें. शेजारच्या इचलकरंजींत १९०४ सालीं पहिला यंत्रमाग सुरू झाला, आणि आज या परिसरांतील कित्येक घरांतून मागांचा खडखडाट ऐकूं येतो. मागावरील आडवा धागा तुटला कीं माग आपोआप बंद पडतो व त्याच्या चाकावर ब्रेक बसतो. या ब्रेकाचें अस्तर झिजलें असेल तर माग एखाददुसरा फेरा अधिक घेतो आणि कापडांत दोष उमटतो. जॉबर तो दोष पाहून ब्रेक नीट करतो. म्हणजे मागाचा ब्रेक झिजल्याची साक्ष कापड देतें. मोटारीच्या ब्रेकास अशी साक्ष देणारें कापड नसतें. म्हणूनच तो केव्हां बदलावा हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

मोटारीच्या पुढील चाकांत बहुधा एक लोखंडी तबकडी असते. तीस डिस्क म्हणतात. पायानें ब्रेक दाबला कीं नळ्यांतील तेलाचा दाब दोन पॅडांवर येतो व ते पॅड तबकडीस दोहों बाजूंनीं चिमट्याप्रमाणें धरतात. मागील चाकांत पुष्कळ मोटारींस अजूनहि ड्रम व लायनर असतात. गाडीचा सारा वेग येथें घर्षणानें उष्णतेच्या रूपानें निघून जातो, आणि दर वेळीं पॅड कणभर झिजतो. नवा पॅड साधारणतः १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरवर आला कीं बदलावा, असा सर्वसाधारण नियम आहे. तीन मिलिमीटर म्हणजे किती, हें विद्यार्थ्यांनीं आपल्या कंपासपेटींतील पट्टीवर एकदां पाहून घ्यावें. तीन बारीक रेघा! घरांतील सर्व मंडळींचा भार तेवढ्यावर असतो.

आतां पुष्कळ गृहस्थ असें म्हणतात कीं, “आमचे ब्रेक उत्तम लागतात, झिजले असते तर पायास कळलें नसतें काय?” आमचें उत्तर असें कीं, नसतें कळलें. पॅड जसजसा झिजतो तसतसा तो आपोआप तबकडीच्या जवळ सरकत राहतो. त्यामुळें पायास पूर्वीइतकेंच दाबावें लागतें. ब्रेक जाग्यावर लागतो हें खरें, परंतु त्यावरून आंत किती जाडी शिल्लक आहे याचा बोध होत नाहीं. आणि जेथें थोडा फरक पडतो, उदाहरणार्थ मागील लायनरांत, तेथेंहि तो इतक्या सावकाश पडतो कीं चालकाचा पाय रोज केसभर अधिक दाबण्यास नकळत शिकतो. परक्या माणसानें तीच गाडी हातीं घेतली तर तो पहिल्याच चौकांत दचकतो! पाय हा फार आज्ञाधारक नोकर आहे, पण साक्षीदार म्हणून तो उपयोगाचा नाहीं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही सहकुटुंब कोंकणांत जावयाचें ठरविलें. गगनबावड्याहून वैभववाडीकडे करूळ घाटानें उतरावयाचें, गाडींत मुलें व वृद्ध आई. निघण्यापूर्वीं ब्रेक पाहून घ्यावे असें आमच्या मनांत होतें. परंतु तेव्हां मागांचा धंदा मंद होता आणि घरांत एकेक रुपया मोजून खर्चिला जात होता. मुलांचे मामा म्हणाले, “दाजी, ब्रेक चांगलं लागत्यात की! उगंच कशाला पैसं घालवताय?” त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. आम्ही गाडी मिस्त्रींकडे नेली. ते म्हणाले, “मालक, चाक काढून बघूया. मग तुम्हीच ठरवा.” त्यांनीं डावें चाक उतरविलें. चाकाच्या फटींतून दिसणारा बाहेरचा पॅड चांगला ५ मिलिमीटर होता. आंतील बाजूचा मात्र जेमतेम २ भरला. चिमट्याच्या सरकत्या कांड्या गंजून अडकल्या होत्या, त्यामुळें एकाच पॅडावर सारा भार पडत होता. बाहेरून डोकावणाऱ्यास हें कधींच दिसलें नसतें. मामांनीं तो आंतला पॅड हातांत घेऊन उलटासुलटा केला, आणि त्यांनींच पुढें होऊन नव्या पॅडांचे पैसे विचारले.

घाटाच्या प्रवासांत पॅडांइतकेंच ब्रेक ऑइलाचें महत्त्व आहे, व त्याकडे तर कोणाचेंच लक्ष नसतें. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ४ जातीचें नवें तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. त्यांत ३ ते ४ टक्के पाणी मुरलें कीं ही मर्यादा सुमारे १५५ अंशांवर येऊं शकते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला म्हणजे चाकांतील उष्णता तेलापर्यंत पोहोंचते, तेल उकळून त्याची वाफ होते, आणि वाफ दबते! पाय तळाशीं जातो पण गाडी थांबत नाहीं. म्हणून हें तेल सामान्यतः दोन वर्षांनीं बदलावें, आणि घाट उतरतांना खालच्या गिअरमध्यें राहून इंजिनालाच गाडी आवरूं द्यावी. दहा कुमारींचा दाखला आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकलेला आहे. त्यांच्या दिव्यांतील तेलाप्रमाणें हें तेलहि ऐन वेळीं शेजाऱ्याकडून मागून मिळत नाहीं.

उतार म्हटला कीं पुण्याचा नवले पूल आठवतो. आपल्याकडून पुण्यास जातांना नव्या कात्रज बोगद्यापलीकडे जो लांब उतार लागतो, तेथें २० नोव्हेंबर २०२२ रोजीं रात्रीं एका अवजड मालमोटारीनें सुमारे ४८ वाहनांस धडक दिली. ब्रेक निकामी झाले, असेंच प्रथम सर्वांच्या तोंडीं होतें. पुढें तपासांत असें सांगण्यांत आलें कीं चालकानें उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती. इंजिन बंद झालें कीं ब्रेकास साह्य करणारा दाबहि लवकरच संपतो. घर्षणाच्या नियमाला चालकाची दया येत नाहीं. वेग दुप्पट केला कीं थांबण्यास चौपट अंतर लागतें: चांगल्या ब्रेकांनीं व कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशीं ४० किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लागल्यावर सुमारे ९ मीटरांत थांबत असेल, तर ८० च्या वेगास सुमारे ३५ मीटर लागतात. ऊस सुरू झाल्यावर साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या अंधारांत एकाएकीं समोर दिसतात, तेव्हां या ३५ मीटरांचा अर्थ कळतो.

अमुक हजार किलोमीटर झाले कीं पॅड बदलावे, असें सांगणारेहि भेटतात. आम्हांस हा हिशेब मान्य नाहीं. सपाटीवरून हातकणंगल्यापर्यंत ये-जा करणारी मोटार व दर आठवड्यास घाट उतरणारी मोटार यांचे पॅड सारखे कसे झिजतील? दर दहा हजार किलोमीटरांनीं चाक उतरवून मोजून घ्यावें, हेंच बरें. मध्यंतरीं ब्रेक ऑइलाच्या डब्यांतील पातळी हळूहळू उतरूं लागली तर ते पॅड झिजल्याचें लक्षण समजावें व नुसतें तेल ओतून स्वस्थ बसूं नये. ती एकदम उतरली तर कोठेंतरी गळती आहे. ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस ओढूं लागली, किंवा पाय स्पंजावर पडल्यासारखा वाटला, तर उद्यांची वाट पाहूं नये. २०१९ व २०२१ सालच्या पंचगंगेच्या पुरांसारख्या पुरांत ज्या गाड्या बुडतात, त्यांचे ड्रम तर उघडून गाळ काढल्यावांचून रस्त्यावर आणूंच नयेत.

आवाजाचें काम मात्र विद्यार्थ्यांचें आहे, कारण त्यांचे कान तीक्ष्ण असतात आणि वडापानें वा रिक्षानें ते रोज त्याच चाकांजवळ बसून शाळेस येतात. पावसाळ्यांत सकाळीं पहिल्या दोनचार ब्रेकांस जो खरखराट होतो तो रात्रींत चढलेल्या गंजाचा असतो. तो लगेच जातो व त्यांत भय नाहीं. परंतु कित्येक पॅडांस एक लहानशी पत्र्याची जीभ मुद्दाम बसविलेली असते. पॅड संपत आला कीं ती तबकडीवर घासून बारीक शीळ घालते. ती शीळ रोज ऐकूं येऊं लागली कीं दिवस थोडे उरले. आणि शीळ जाऊन लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येऊं लागला तर पॅड संपले, तबकडीहि खराब होऊं लागली. अशा वेळीं गाडी थांबल्यावर चालकाजवळ जाऊन नम्रपणें सांगावें, “मामा, डाव्या चाकांत वाजतंय.” पुष्कळ चालक लहान मुलाचें असें बोलणें हंसण्यावारी नेत नाहींत, ते खालीं उतरून वांकून पाहतात.